पुलावरची चार मिनिटं

चित्रपटाच्या पहिल्या तीन डिस्क आजोबांनी लीलया पार पाडल्या. त्या त्यांना तोंडपाठ होत्या. कुंभाराची पोर मडक्यात निखारा घेऊन गाव सोडते इथपासून ते थोरला राजपुत्र फितूर होतो इथपर्यंत, पडद्यावर खाली उमटणारी मराठी भाषांतराची ओळ अन् ओळ त्यांच्या जिभेवर होती. कुठल्या आवाजानंतर कुठली ओळ येते आणि राक्षस बोलायला लागण्याआधी ढोल किती वेळा वाजतो, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे शनिवार सकाळपासून घरात कुणाला कसली शंका आली नव्हती. पण आता रविवारची दुपार झाली होती आणि पाळी चौथ्या डिस्कची होती. चौथ्या डिस्कचं काही खरं नव्हतं.

त्याचं कारण सांगायला हवं. चित्रपट परक्या भाषेतला, तीन भागांचा, सहा डिस्कवर पसरलेला. आजी हयात असताना तिनेच हौसेने हा संच घरी आणला, तेव्हा त्यांची लेक दहा वर्षांची होती. त्या पहिल्या दिवशी आजोबांनी खोक्यावरचं प्लास्टिक फाडायला काय घ्यावं? खिशातली बसची किल्ली! प्लास्टिक फाटलं, खोकं तडकलं आणि किल्लीचा दात बरोबर चौथ्या डिस्कवरून ओरखडा काढत गेला. तेव्हापासून बावीस वर्षं ही डिस्क पुलाच्या प्रसंगाशी आली की अडखळायची आणि चार मिनिटं गिळून पुढे जायची. आधी राक्षस आणि कुंभाराची पोर पुलाच्या अलीकडे उभे असत. मग पडदा थरथरायचा, आणि एकदम पोर एकटीच पलीकडच्या काठावर रडत चाललेली दिसायची. राक्षसाचं काय झालं? आजी म्हणायची, तो दरीत पडला. लेक म्हणायची, भांडण झालं असणार. आजोबा म्हणायचे, माझ्या किल्लीला विचारा.

या घराची रीत म्हणजे आजोबांनी ओळी मोठ्याने वाचायच्या. लेक लहान होती तेव्हा तिच्यासाठी, आता नातीसाठी. लेक छापखान्यात मुद्रितं तपासायची, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका वेचून तिचे डोळे शिणायचे. घरी आल्यावर एकही अक्षर बघणार नाही अशी तिने शपथच घेतली होती. ती टीव्हीकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालायची आणि चित्रपट कानांनी बघायची. आजोबा राक्षसाचा आवाज असा काढायचे की कपाटाच्या काचा थरथरायच्या.

आणि आता आजोबांना अक्षरं दिसत नव्हती.

नजरेच्या अगदी मधोमध एक डाग बसला होता. आजूबाजूचं सगळं ठीक दिसायचं. दाराची चौकट, खिडकी, माणसाचे खांदे, सगळं जागच्या जागी. पण ज्याच्याकडे रोखून बघावं, तेच नेमकं नाहीसं व्हायचं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांकडे ते कुणाला न सांगता गेले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे चष्म्याचं काम नव्हे, इंजेक्शनांनी वाढायचं थांबेल कदाचित, गेलेलं परत येणार नाही. मग त्यांनी विचारलं, ‘‘गाडी वगैरे चालवता का?’’

‘‘छे,’’ आजोबा म्हणाले होते, ‘‘या वयात कुठली गाडी.’’

चौतीस वर्षं शाळेची बस चालवणारा माणूस हे म्हणाला. चौतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, डेपोत नवीन पोरांना त्यांचं उदाहरण द्यायचे. निवृत्तीला तीन महिने राहिले होते. नव्वद दिवस, त्यातले सुट्टीचे वजा जाता बासष्ट. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला बजावत ते रोज सकाळी एकतीस पोरांना घेऊन निघत होते. रस्ता पाठ होता. चढ, उतार, वळणं, थांबे, सगळं चित्रपटासारखंच पाठ. मान जरा तिरपी ठेवली की सिग्नलचा दिवा डागाच्या कडेने सापडायचा. बहुतेक वेळा सापडायचा.

‘‘आजोबा, आज मज्जा!’’ भिंगरी सोफ्यावर गोधडीत गुंडाळून बसली होती. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं, घरात आणि बसमध्ये ती भिंगरीच. दुसरीत होती. शुक्रवारपासून तिला ताप होता आणि त्या तापाच्या जिवावरच हा सगळा घाट घातला गेला होता. ‘‘आज कळणार राक्षसाचं काय झालं!’’

कारण लेकीने घोळ घालून ठेवला होता. छापखान्यामागच्या गल्लीतलं डिस्कचं दुकान बंद होत होतं, तिथे तिला या संचातली चौथी डिस्क सुटी मिळाली. कोरी करकरीत, एक चरा नसलेली. आजारी पोरीला खूश करायला तिने ती आणली होती. आजोबांना तिला शाबासकी द्यावी लागली होती.

‘‘आज राहू द्यायचं का?’’ आजोबा म्हणाले. ‘‘तापात डोळ्यांना ताण नको.’’

‘‘सकाळपासून शंभरवर गेला नाहीये,’’ लेक म्हणाली. तिने धुतलेल्या कपड्यांची टोपली टेबलावर उलटी केली. ‘‘बघू दे तिला. उद्या तिला शाळा नाहीच आहे.’’

‘‘आहे!’’ भिंगरी ताडकन उठून बसली. ‘‘उद्या मी जाणार.’’

‘‘उद्या आणि परवा दोन्ही दिवस तू घरी.’’

‘‘नाही! मला जायचंय! आई, मला बरं वाटतंय, खरंच. मला बसमध्ये जायचंय!’’

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळा बुडाली तर आनंदाने उड्या मारणारी ही पोर, आणि कालपासून याच एका गोष्टीवर तिचं तिसऱ्यांदा रडून झालं होतं. लेकीने आजोबांकडे बघून खांदे उडवले. आजोबांना का कुणास ठाऊक, बरं वाटलं नाही. त्यांनी रिमोट उचलला.

‘‘घसा बसलाय जरा माझा,’’ त्यांनी शेवटचा प्रयत्न करून बघितला.

पाच मिनिटांत गरम पाण्याचा पेला त्यांच्या हातात आला. आता सुटका नव्हती.

डिस्क फिरू लागली. पहिली पंचवीस मिनिटं सरळ गेली. बर्फाचा घाट, राखेची फौज, म्हातारी वाटाडी. आजोबांनी म्हातारीचा आवाज काढला तेव्हा भिंगरी खुदकन हसली, लेकही घडी घालता घालता हसली. आजोबांचं हसण्याकडे लक्ष नव्हतं. ते मनात रस्ता मोजत होते. आता घाट संपेल, आता वारा येईल, आता पूल.

त्यांनी काय करायचं ते ठरवून ठेवलं होतं. रात्रभर अंथरुणात तेच ठरवत होते. चार मिनिटांत फार तर दहा-बारा ओळी येणार. बावीस वर्षं राक्षस पाठ आहे, तो काय बोलेल हे आपल्याला कळणार नाही तर कुणाला कळणार? लेक पाठमोरी. भिंगरी वाचायला शिकली असली तरी जोडाक्षर आलं की तिचं गाडं अडतं, तिची अर्धी ओळ होईतो पडद्यावरची निघून जाते. चार मिनिटं फक्त. बासष्ट दिवस काढतोय, त्यात चार मिनिटं काय!

वारा आला. दोरांचा पूल करकरला. जिथे दर वेळी पडदा थरथरायचा ती जागा आली आणि काहीही न थरथरता निघून गेली.

‘‘अगं बाई,’’ लेक पुटपुटली. तिच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली.

राक्षस गुडघ्यांवर बसला. एवढं आजोबांना कडेकडेने दिसलं, एक मोठी करडी रास खाली आली. ढोल वाजला. मग राक्षसाचा तो खोल, घोगरा आवाज, त्या अनोळखी भाषेत. त्यांनी मान तिरपी केली. टीव्हीच्या कोपऱ्याकडे बघितलं. खाली पांढरं काहीतरी वळवळलं, त्याचं अक्षर काही होईना.

‘‘घाबरू नकोस, पोरी,’’ आजोबा राक्षसाच्या आवाजात म्हणाले.

शेजारून भिंगरी त्यांना चिकटली. तिचा तापलेला हात त्यांच्या बाहीवर आला.

राक्षस पुन्हा बोलला. बरंच बोलला, सावकाश.

‘‘पूल जुना आहे,’’ आजोबा म्हणाले, ‘‘पण मी आहे ना तुझ्याबरोबर.’’

‘‘आजोबा,’’ भिंगरी त्यांच्या कानाशी कुजबुजली, ‘‘इथू... इथून... इथून पुढं मी...’’

त्यांना वाटलं, पोरगी आपली वाचायचा सराव करतेय. नेमकं आत्ताच सुचलं हिला! त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी तिचा हात थोपटला आणि आवाज चढवला. अवसान आणायचं तर पुरतं आणावं.

‘‘ये, बस माझ्या खांद्यावर. मी तुला पलीकडे नेतो. माझ्या खांद्यावर असलीस की तुला कसली भीती? आजवर कुणाला पडू दिलंय का मी?’’

वारा वाहत होता, कुंभाराची पोर हुंदके देत होती. मग संगीत सुरू झालं, आणि आजोबांच्या कडेच्या नजरेला दिसलं की ती करडी रास जागच्या जागी आहे आणि एक लहानसा ठिपका पुलावरून एकटाच पुढे चाललाय.

चित्र थांबलं. रिमोट त्यांच्या हातात नव्हता. तो लेकीने उचलला होता आणि ती टीव्हीकडे तोंड करून उभी होती. बावीस वर्षं ती चार मिनिटं तिच्याही मनात अडकली होती. आज तिने शपथ मोडली होती.

‘‘बाबा, तुम्ही काय वाचत होतात?’’

‘‘काय म्हणजे? जे आहे ते.’’

‘‘तो तिला नेतो म्हणाला? खांद्यावर बसवून?’’

‘‘हा चष्मा बदलायला झालाय,’’ आजोबा म्हणाले. ‘‘एखादी ओळ इकडची तिकडे झाली असेल.’’

लेकीने चित्र मागे नेलं. करडी रास पुन्हा खाली बसली, पांढरी वळवळ पुन्हा उमटली, आणि सगळं थिजलं. ‘‘ही ओळ वाचा.’’

‘‘खिडकीचा उजेड पडतोय त्याच्यावर.’’

तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला. ‘‘वाचा.’’

आजोबांनी मान तिरपी केली, मग दुसऱ्या बाजूला केली. त्यांना खिडकी दिसत होती, टेबल दिसत होतं, लेकीचे खांदे दिसत होते. खांद्यांच्या वर चेहऱ्याच्या जागी डाग होता.

‘‘पूर्ण ओळ राहू द्या,’’ लेक म्हणाली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणारी बाई, ती कशी सोडेल! ‘‘पहिलं अक्षर सांगा, बाबा.’’

‘‘इ!’’ भिंगरी त्यांच्या कानात म्हणाली, पण ती कुजबुज आता शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढी मोठी होती. ‘‘इ आहे आजोबा, इ!’’

‘‘तू गप्प बस!’’ लेक तिच्यावर ओरडली.

‘‘तू ओरडू नकोस त्यांना! त्यांना दिसतं!’’ भिंगरी गोधडीतून बाहेर येऊन सोफ्यावर उभीच राहिली. ‘‘मी असले की त्यांना दिसतं! मी सांगते ना सगळं! लाल झाला की मी लाल सांगते, हिरवा झाला की हिरवा सांगते, आणि सायकल असली की सायकल. म्हणून तर मला उद्या जायचंय! मी नसले तर त्यांना लाल कोण सांगणार?’’

लेकीच्या हातातला रिमोट खाली आला.

आजोबांना एकेक आठवू लागलं. दोन महिन्यांपूर्वी भिंगरीने मैत्रिणीच्या शेजारची खिडकीची जागा सोडली होती आणि ती त्यांच्या पाठीमागच्या पहिल्या सीटवर येऊन बसू लागली होती. त्यांना वाटलं होतं, आजोबांचा लळा. ती सगळा वेळ बडबडायची. लाल, आता हिरवा, ती बघा बाई रस्त्यात, तो बघा कुत्रा. पोरांची बडबड. ते हसायचे. आणि बुधवारी उताराखालच्या चौकात मागून किंचाळी आली होती, ‘‘आजोबा, सायकल!’’ त्यांनी ब्रेक दाबला होता. एकतीस दप्तरं पुढे आदळली होती, आणि काचेच्या खालून एक मुलगी सायकल ढकलत, वर बघत निघून गेली होती. आपण ब्रेक आधीच दाबला होता, मग ती ओरडली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं होतं. चार दिवस सांगत होते. आता सांगता येईना. ती आधी ओरडली होती.

सात वर्षांची पोर दोन महिने डोळ्यांत तेल घालून बस चालवत होती, आणि आजोबा नुसतं चाक धरून बसले होते.

‘‘किती दिवस?’’ लेकीने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. ‘‘बाबा, मी तुम्हाला विचारतेय. किती दिवस?’’

‘‘पाच महिने झाले असतील.’’

‘‘पाच महिने! तीस पोरं लोकांची, आणि एक माझी. रोज सकाळी मी तिला तुमच्या हातात देऊन निर्धास्त कामाला जाते. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरने हे केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? त्याला रस्त्यावर उभं करून...’’ तिने उशीची खोळ टेबलावर आपटली, ती उचलली आणि पुन्हा आपटली. ‘‘आणि ही! हिला तापात झोप लागेना, मी समजतेय की दुखणंच तसलं आहे!’’

बासष्ट दिवस, निरोपाचा हार, चौतीस वर्षं, हे सगळं आजोबांच्या तोंडाशी आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

‘‘त्या ओळीत काय लिहिलंय?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काय?’’

‘‘राक्षस काय म्हणतो? वाच तू.’’

लेकीने त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. तिने वाचलं तेव्हा तिने कुठलाच आवाज काढला नाही, छापखान्यात वाचते तसं सपाट वाचलं. ‘‘इथून पुढं मी येणार नाही.’’ तिने बटण दाबलं, पुढची ओळ आली. ‘‘माझ्या वजनानं हा पूल मोडेल, आणि त्यावर तू असशील.’’

खोलीत गरम पाण्याचा पेला निवून गेला होता. आजोबांनी तो उगाच उचलला, खाली ठेवला. मग खिशात हात घालून फोन काढला आणि लेकीपुढे धरला.

‘‘डेपोमास्तरांचा नंबर लावून दे.’’

तिने लावून दिला. स्पीकरवर ठेवला, ते सांगण्याची गरज नव्हती. डेपोमास्तर पलीकडे काहीतरी खात होते.

‘‘बोला उस्ताद, रविवारची कशी आठवण?’’

‘‘साहेब, उद्यापासून माझी गाडी दुसऱ्या कुणाला द्या.’’

‘‘का हो? तब्येत बरी नाही?’’

‘‘डोळे गेलेत. अक्षर दिसत नाही, सिग्नल दिसत नाही. पाच महिने झाले.’’

पलीकडचं खाणं थांबलं. मग डेपोमास्तर हळू आवाजात म्हणाले, ‘‘उस्ताद, ऐका माझं. हे कुणापाशी बोलू नका. तीन महिने राहिलेत तुमचे. मी आजारपणाची रजा टाकतो. कंबर, गुडघे, काहीही लिहितो. सेवापुस्तक कोरं राहील, सन्मानाने बाहेर पडाल.’’

लेक समोरच उभी होती. आजोबांना तिचा चेहरा दिसत नव्हता, पण ती आपल्याकडेच बघतेय हे कळायला चेहरा लागत नाही.

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘डोळेच लिहा. आणि साहेब, हेही लिहा की मी लपवलं. पुढच्या वेळी कुणी माझ्यासारखं अक्षरांचा तक्ता पाठ करून डोळ्यांची तपासणी द्यायला आलं, तर तुम्हाला कळायला हवं.’’

फोन बंद झाला. आजोबांनी दुसऱ्या खिशातून बसची किल्ली काढली. त्यांच्या बोटांना तिचा दात लागला, बावीस वर्षांपूर्वी डिस्कवरून ओढला गेला होता तोच. त्यांनी ती टेबलावर घड्या घातलेल्या कपड्यांशेजारी ठेवली. लेकीने ती लगेच उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. अजून तिचा राग गेला नव्हता आणि तो लवकर जाणारही नव्हता. पण पर्स बंद करून ती सोफ्याजवळ आली आणि वडिलांच्या पलीकडच्या बाजूला बसली.

भिंगरी अजून उभीच होती. रडावं की नाही हे तिला कळत नव्हतं. आजोबांनी हात पुढे केला, चाचपडत तिचा तळवा शोधला आणि तिला खाली बसवलं. तिचं अंग अजून गरम होतं.

‘‘उद्या तुमची बस कोण चालवणार?’’

‘‘दुसरा ड्रायव्हर. चांगल्या डोळ्यांचा.’’

‘‘त्याला लाल दिसतो?’’

‘‘लांबून दिसतो. त्याचा तोच बघेल. तुला सांगावं लागणार नाही.’’

भिंगरीने यावर विचार केला. थिजलेल्या पडद्यावर राक्षस अजून गुडघ्यांवर बसलेला होता. तिने गोधडी ओढून घेतली, डोकं आजोबांच्या मांडीवर टाकलं आणि डोळे मिटले. मग पुन्हा एकदा उघडले.

‘‘म्हणजे बरी झाल्यावर मी बसमध्ये झोपले तर चालेल? बाकीची सगळी मुलं झोपतात.’’

‘‘चालेल,’’ आजोबा म्हणाले. ‘‘झोप.’’